थर्मल पेस्ट: आकड्याकडे कमी बघा, थर पातळ ठेवा

संगणकाचा प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट घ्यायला गेलं की नजर आधी ट्यूबवरच्या आकड्यावर जाते. एकीवर ४, दुसरीवर ८.५, तिसरीवर थेट १४ वॅट प्रति मीटर-केल्विन. आकडा मोठा म्हणजे माल भारी, असा सरळ हिशेब. पण हा उष्णतावाहकतेचा आकडा तांब्यासाठी ४०० च्या आसपास असतो आणि ॲल्युमिनियमसाठी २०० च्या वर. म्हणजे बाजारातली सगळ्यात भारी पेस्टसुद्धा हीटसिंकच्या, म्हणजे कूलरमधल्या उष्णता खेचून घेणाऱ्या ठोकळ्याच्या, धातूपुढे उष्णता अडवणारीच वस्तू आहे. मग ती लावायचीच कशाला?

हवेमुळे. प्रोसेसरवरचं धातूचं झाकण आणि कूलरचा तळ दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर बारीक चरे असतात. शिवाय दोन्ही पूर्ण सपाट नसतात. कुणी मधोमध किंचित फुगीर असतो, कुणी किंचित खोलगट. कोरडेच एकमेकांवर दाबले तर धातूला धातू मोजक्या ठिकाणी टेकतो आणि उरलेल्या फटींत हवा राहते. हवेची वाहकता ०.०२५ च्या घरात. पेस्टची ५ धरली तरी ती हवेच्या दोनशेपट झाली. पेस्टचं काम एवढंच: फटींमधली हवा हुसकून लावणं. जिथे धातू धातूला थेट टेकतो तिथे पेस्ट नसलेलीच बरी.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे बहुतेक प्रश्न आपोआप सुटतात.

आकड्यांचा हिशेब

थरामुळे किती अंशांचा फरक पडतो ते काढायला शाळेतलं गणित पुरतं. थराची जाडी भागिले वाहकता, भागिले क्षेत्रफळ, आणि आलेल्या उत्तराला वॅटने गुणायचं.

समजा प्रोसेसर १०० वॅट उष्णता टाकतोय, पेस्टचा थर ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड आहे आणि ती ३० बाय ३० मिलिमीटरवर पसरली आहे. पेस्टची वाहकता ५ असेल तर थराच्या दोन बाजूंमध्ये साधारण १.१ अंश सेल्सिअसचा फरक पडतो. आता दुप्पट वाहकतेची, म्हणजे १० ची पेस्ट घेतली. फरक ०.५५ अंश. भारी पेस्टने वाचवला अर्धा अंश. उलट ५ वालीच पेस्ट २०० मायक्रॉन जाड राहिली, तर फरक ४.४ अंशांवर जातो. पेस्टऐवजी १ मिलिमीटरचा ५ वाहकतेचा रबरासारखा मऊ सिलिकॉन पॅड ठेवला तर २२ अंश. आणि त्या ५० मायक्रॉनमध्ये नुसती हवा असती तर उत्तर २२० च्या वर येतं. अर्थात तिथवर पोचण्याच्या खूप आधी प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो किंवा बंद पडतो.

प्रत्यक्षात उष्णता अख्ख्या झाकणातून सारखी येत नाही. झाकणाखालची सिलिकॉनची चिप बरीच लहान असते, त्यामुळे उष्णता चिपच्या डोक्यावर एकवटलेली असते. हिशेबात २ चौरस सेंटिमीटर धरले तर पहिल्या उदाहरणातले १.१ अंश थेट ५ होतात. लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डात तर झाकणच नसतं, पेस्ट चिपलाच लागते. म्हणून तिथे पेस्टची निवड डेस्कटॉपपेक्षा जास्त जाणवते. पण प्रमाण तेच राहतं. थर चौपट जाड झाला की नुकसान चौपट, मग आकडा कितीही भारी असो.

ट्यूबवरच्या आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट. वाहकता मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि छापील आकड्यात पेस्ट आणि धातू यांच्या सीमेवरचा अडथळा बहुधा धरलेला नसतो. पेस्ट किती पातळ दबते हे तर त्यात नसतंच. पेस्टमध्ये ॲल्युमिनियम ऑक्साइड, झिंक ऑक्साइड, बोरॉन नायट्राइड, ॲल्युमिनियम किंवा चांदी यांचे कण तेलासारख्या द्रवात कालवलेले असतात. त्यातला सगळ्यात मोठा कण जेवढा, त्याहून थर पातळ होऊच शकत नाही. म्हणून दोन नामांकित पेस्टच्या आकड्यांत दुप्पट फरक असला तरी चाचणीत दोघींमध्ये एक-दोन अंशच निघतात.

कुठे काय वापरायचं

साध्या डेस्कटॉपसाठी वीजवाहक नसलेली, मध्यम घट्ट पेस्ट. विषय संपला. आर्क्टिकची एमएक्स-४, नॉक्टुआची एनटी-एच१ अशा पेस्ट वर्षानुवर्षं हेच काम करत आल्या आहेत. फार घट्ट पेस्ट लावायला त्रासाची असते आणि दाब कमी असलेल्या कूलरखाली ती जाडच राहते. फार पातळ पेस्ट पटकन पसरते, पण उघड्या चिपवर लवकर सरकून बाहेर येते.

हे सरकणं समजून घेण्यासारखं आहे. चिप तापते, निवते, पुन्हा तापते. दर वेळी चिप आणि हीटसिंक थोडे प्रसरण पावतात, पण वेगवेगळ्या प्रमाणात. त्या बारीक हालचालीने पेस्ट हळूहळू मधून कडेला ढकलली जाते आणि मधोमध कोरडा पट्टा उरतो. लॅपटॉप आणि ग्राफिक्स कार्डात नवी पेस्ट लावल्यावर सुरुवातीला तापमान छान असतं आणि काही महिन्यांत पुन्हा चढतं, त्याचं हे नेहमीचं कारण. दोष पेस्ट वाळण्याला दिला जातो, पण बऱ्याचदा ती वाळलेली नसते, जागेवरून हललेली असते.

अशा उघड्या चिपसाठी अवस्था बदलणारी पत्री जास्त टिकते. हनीवेलची पीटीएम७९५० ही त्यातली सगळ्यांत परिचित. खोलीच्या तापमानाला ती घन असते आणि साधारण ४५ अंशांच्या पुढे मऊ होऊन फटींमध्ये शिरते. थंड झाली की परत घट्ट. त्यामुळे ती पेस्टसारखी बाहेर ढकलली जात नाही. चिपच्या मापाची कापायची, थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवायची म्हणजे प्लास्टिक नीट सुटतं, एका बाजूचं प्लास्टिक काढून चिपवर टेकवायची, मग दुसऱ्या बाजूचं काढायचं. दोन्ही बाजूंना प्लास्टिक असतं. एक विसरलं की सगळं फुकट. पहिल्या काही तापण्या-निवण्यांमध्ये तापमान किंचित जास्त दिसेल, पत्री नीट बसल्यावर ते उतरतं.

ग्रॅफाइटची पत्री पुन्हा पुन्हा वापरता येते आणि कधी वाळत नाही, पण तिच्यात उष्णता आडवी फार चांगली आणि उभी त्या मानाने कमी वाहते. शिवाय ती वीजवाहक आहे. वारंवार प्रोसेसर बदलून चाचण्या घेणाऱ्यांना ती सोयीची. इतरांनी पेस्टच वापरावी.

लिक्विड मेटल म्हणजे गॅलियम, इंडियम आणि कथील यांचं खोलीच्या तापमानालाही द्रव राहणारं मिश्रण. पेस्टच्या कितीतरी पट चांगलं उष्णतावहन. सोनीने २०२० च्या प्लेस्टेशन ५ मध्ये तेच वापरलं, पण कारखान्यात आणि चिपभोवती नीट बंदिस्त करून. घरी वापरायचं तर तीन गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतात. पहिली, कूलरचा तळ ॲल्युमिनियमचा नाही ना. गॅलियम ॲल्युमिनियमच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि धातू भुसभुशीत होऊन तुटायला लागतो. ते परत नीट करता येत नाही. दुसरी, ते वीजवाहक आहे. चिपभोवती उघडे कपॅसिटर असतील तर त्यांवर आधी इन्सुलेशनचा लेप किंवा उष्णतेला टिकणारी कॅप्टॉन टेप हवी, कारण एक थेंब घरंगळला की बोर्ड गेला. तिसरी, उघडं तांबं थोडं गॅलियम शोषून घेतं, तांब्यावर करडा डाग पडतो आणि काही महिन्यांनी थर कमी पडल्यासारखा वागतो. निकेलचा मुलामा असलेला तळ यासाठी सगळ्यात योग्य. लावताना मोठा थेंब नको. इतकं कमी घ्यायचं की कापसाच्या बोळ्याने चिपवर आणि कूलरच्या तळावर घासून आरशासारखा पातळ थर झाला पाहिजे. हात बसलेला नसेल तर हा नाद करू नये, असं स्पष्टच सांगतो.

सिलिकॉनचे पॅड प्रोसेसरसाठी नाहीतच, ते मेमरी चिप आणि व्होल्टेज देणाऱ्या भागांसाठी. आणि थर्मल ग्लू म्हणजे पेस्ट नव्हे. ट्यूब सारखीच दिसते, पण त्याने प्रोसेसर आणि कूलर कायमचे चिकटतात. टूथपेस्टचे प्रयोग इंटरनेटवर भरपूर सापडतील. तिच्यात पाणी असतं, ते उडून गेलं की खाली उरते खडूसारखी पूड.

जुनी पेस्ट काढताना

कूलर काढायच्या आधी संगणक पाच-दहा मिनिटं चालवून गरम करून घ्या, मग बंद करा आणि वायर काढा. गरम पेस्ट सैल असते. त्यातही एएमडीच्या एएम४ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) ही काळजी हवीच, कारण तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि सॉकेट त्यांना फक्त धरून ठेवतो. कूलर सरळ वर ओढला तर खालचा प्रोसेसर लीव्हर लावलेली असतानाही सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरवायचा, पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं, मग उचलायचा. इंटेलच्या सॉकेटमध्ये आणि एएमडीच्याच नंतरच्या एएम५ मध्ये प्रोसेसर धातूच्या चौकटीत अडकलेला असल्याने तो धोका नाही.

जाड पेस्ट कोरड्या टिश्यूने पुसा, मग ९० टक्क्यांहून जास्त तीव्रतेच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने कापड ओलसर करून उरलेली काढा. धागे सोडणारा कापूस टाळावा, कॉफीचा फिल्टर पेपर चांगला चालतो. कापड दर वेळी नव्या बाजूने धरायचं, नाहीतर तीच पेस्ट इकडून तिकडे फिरत राहते. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात. चाकू, स्क्रू ड्रायव्हरचं टोक, घासणी यांपैकी काहीच नको. साफ झाल्यावर बोट लावू नका. बोटाचं तेलही शेवटी एक थरच आहे. अल्कोहोल पूर्ण उडू द्या.

नव्या कूलरच्या तळावर पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते काढायचं राहून जाणं ही नवीन संगणक तापण्याची फार जुनी आणि अजूनही जोरात असलेली परंपरा आहे. काही कूलरना पेस्ट आधीच लावलेली येते. तिच्यावर आपली पेस्ट थापायची नाही, एक तर ती वापरा नाहीतर पूर्ण पुसून काढा.

किती आणि कशी

वाटाण्याएवढी, हे माप सगळीकडे ऐकू येतं, पण वाटाणे काय एका मापाचे असतात? हिशेबच करू. ३० बाय ३० मिलिमीटरवर दाबल्यावर थोडी कडेला जाईल असं धरून ०.१ मिलिमीटरचा थर हवा असेल तर लागते ९० घन मिलिमीटर, म्हणजे जेमतेम ०.०९ मिलिलिटर पेस्ट. हा साडेपाच मिलिमीटर व्यासाचा गोळा झाला. वजनात साधारण पाव ग्रॅम. ४ ग्रॅमची सिरिंज पंधरा वेळा आरामात पुरते.

चौकोनी झाकणावर मधोमध एक ठिपका पुरतो. कूलरचा दाब त्याला गोल पसरवतो आणि हवा बाहेर जाते. एएम५ आणि इंटेलच्या लांबट एलजीए १७०० सॉकेटवर मधल्या ठिपक्याशिवाय चारही कोपऱ्यांकडे दोन-दोन मिलिमीटरचे छोटे ठिपके द्यावेत. एएमडीच्या अनेक रायझन प्रोसेसरमध्ये उष्णता देणाऱ्या चिप झाकणाच्या मधोमध नसून एका बाजूला असतात, त्यामुळे कोपरे कोरडे राहिले तर नेमक्या नको त्या जागी फट राहते. एएमडीच्या थ्रेडरिपर प्रोसेसरसारख्या मोठ्या झाकणावर एक ठिपका कधीच पुरणार नाही. तिथे ओळीने अनेक ठिपके किंवा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठी फुली.

पट्टीने सारखी पसरवायची का? झाकण असलेल्या प्रोसेसरवर गरज नाही. हाताने पसरवलेल्या थरावर बारीक उंचवटे-खळगे राहतात आणि त्यांत हवा अडकायची शक्यता वाढते. उघड्या चिपवर मात्र पसरवायचीच, कारण तिथे एक कोपरा जरी पेस्टविना राहिला तरी उष्णता आडवी वाहून न्यायला वर झाकण नसतं आणि त्या कोपऱ्यातला भाग लगेच तापतो. चिपच्या कडा ठिसूळ असतात, पट्टी हलक्या हातानेच फिरवा.

थोडी जास्त पडली तर घाबरू नका. वीजवाहक नसलेली पेस्ट दाबाखाली कडेला निघून जाते, घाण होते एवढंच. एएम५ च्या झाकणाच्या खाचांमध्ये, छोट्या कपॅसिटरवर ती गेली तरी विजेचा धोका नाही, फक्त पुसायला कंटाळा. कमी पडली तर मात्र खरं नुकसान आहे. एकच जागा जपायची: इंटेल आणि एएम५ च्या सॉकेटमधल्या पिना. प्रोसेसर बाहेर असताना तिथे पेस्ट पडली तर पिना न वाकवता ती काढणं महाकठीण, म्हणून पेस्ट नेहमी प्रोसेसर सॉकेटमध्ये बसवून झाल्यावरच लावा.

दाब

पेस्टचा थर शेवटी किती पातळ होणार हे स्क्रू ठरवतात. कूलर सरळ वरून टेकवा. टेकला की उचलून पुन्हा ठेवायचा नाही. उचलल्यावर पेस्टला सुळके येतात आणि पुन्हा ठेवताना त्यांच्यामध्ये हवेचे बुडबुडे कोंडले जातात. उचललाच, तर दोन्ही बाजू पुसून नव्याने लावा. पाव ग्रॅम पेस्टसाठी जीव तोडू नये.

एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसऱ्याकडे गेलात तर तळ तिरका होतो आणि पेस्ट एका बाजूला जाते. आधी चारही स्क्रू नुसते पकडू द्या. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आळीपाळीने दोन-दोन फेऱ्या, स्क्रू थांबेपर्यंत. स्प्रिंगवाल्या स्क्रूंना थांबा असतो, त्यापुढे जोर लावायचा नाही. बऱ्याच लॅपटॉपच्या हीटसिंकवर स्क्रूंशेजारी १, २, ३, ४ असे आकडे कोरलेले असतात. आवळताना त्या क्रमाने, काढताना उलट्या.

२०२१ च्या अखेरीस आलेल्या एलजीए १७०० वर एक खास अडचण आहे. त्याची पकड लांबट प्रोसेसरला फक्त मधल्या दोन कडांवर दाबते, त्यामुळे प्रोसेसर किंचित वाकतो आणि झाकण मध्ये खोलगट होतं. थर नेमका चिपच्या वर जाड राहतो. चारही बाजूंनी सारखी दाबणारी बदली चौकट मिळते आणि तिने काही अंश उतरतात. ती बसवताना स्क्रू फार आवळले तर मेमरी ओळखली जात नाही असे प्रकार होतात, म्हणून तिथेही हात सैल ठेवायचा.

ग्राफिक्स कार्डात सगळ्यात जास्त चुका पॅडच्या जाडीत होतात. मूळ पॅड १ मिलिमीटरचा आणि बदली १.५ चा घातला, तर हीटसिंक मेमरीवर टेकून बसतो आणि मुख्य चिपवर दाबच येत नाही. मेमरी थंड, चिप उकळतेय, असं दिसलं की आधी पॅड मोजा.

झालेलं काम तपासताना

एचडब्ल्यूइन्फोसारखा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावून प्रोसेसरवर दहा मिनिटं पूर्ण भार द्या. तापमानाबरोबर वॅट आणि प्रोसेसरचा वेगही (क्लॉक स्पीड) बघा. रायझन ७००० सारखे प्रोसेसर मुद्दाम ९५ अंशांपर्यंत चढून तिथेच राहतात. चांगली पेस्ट लावल्यावर तापमान तेच दिसेल, पण त्या तापमानाला वेग जास्त मिळेल. आधीच्या आणि नंतरच्या मोजणीत खोलीचं तापमान वेगळं असेल तर तेवढे अंश वजा करून तुलना करा.

बिघाड कुठे आहे ते तापमानाच्या चालीवरून कळतं. भार दिल्या दिल्या दोन-तीन सेकंदांत तापमान वर आपटलं आणि हीटसिंकला हात लावला तर तो गारच, तर उष्णता वर पोचतच नाहीये: पेस्ट, दाब किंवा विसरलेलं प्लास्टिक. पाण्याच्या कूलरमध्ये पंप बंद असला तरी बरंचसं असंच दिसतं. याउलट काही मिनिटांत तापमान हळूहळू चढत गेलं आणि हीटसिंकही गरम लागतोय, तर पेस्ट निर्दोष आहे, पंखा किंवा कॅबिनेटमधली हवा बघा.

शंका असेल तर कूलर काढून ठसा बघा. चांगल्या ठशात मधोमध पेस्ट इतकी पातळ असते की खालचा धातू तिच्यातून दिसतो आणि कडांना जाड किनार असते. एक बाजू जाड, दुसरी पातळ, तर स्क्रू असमान आवळले गेले. मधोमध जाड गादी, तर दाब कमी किंवा झाकण खोलगट. गोल कोरडे डाग म्हणजे अडकलेली हवा. ठसा पाहून झाला की पेस्ट पुसून नव्यानेच लावायची, तीच परत दाबायची नाही.

डेस्कटॉपवर चांगली पेस्ट कित्येक वर्षं टिकते. दर सहा महिन्यांनी बदलायची काही गरज नाही. त्याच भाराला, त्याच पंख्याच्या वेगाला तापमान आधीपेक्षा आठ-दहा अंश वर गेलं आणि धूळ साफ करूनही उतरलं नाही, तेव्हा बदला. काही जुन्या पेस्टना बसायला वेळ लागतो, आर्क्टिक सिल्व्हर ५ तर २०० तासांपर्यंत सांगते. आजच्या बहुतेक पेस्टना असा कालावधी लागत नाही.

उरलेली सिरिंज टोपी घट्ट लावून उन्हापासून दूर ठेवा. बऱ्याच दिवसांनी उघडल्यावर आधी नुसतं तेल आलं तर ते कागदावर काढून टाका; त्यामागून सारख्या रंगाची मऊ पेस्ट आली तर ती वापरायला हरकत नाही, कोरडे गोळे आले तर सिरिंज फेकून द्या.